रिकामा वाटा

गुरुप्रसाद साहेब दारात आले आणि चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी अर्धवट सांगायला आलेत. चांगली बातमी आणणारा चहा घेतो. वाईट आणणाराही घेतो, कारण त्याला बोलायला वेळ लागतो. नको म्हणतो तो ताकाला येऊन भांडं लपवणारा.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कोळंबी सोलायचा कारखाना आहे, तिथले हे मॅनेजर आणि मी तिथली मुकादम. माझ्या टोळीत माझ्यासकट चाळीस बाया. निम्म्या आमच्या किनाऱ्यावरच्या, निम्म्या वरच्या, डोंगराकडच्या वाड्यांतल्या शेतकरणी. बर्फाच्या पाण्यात हात घालून दिवसभर कोळंबी सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, आणि घरी गेल्यावर पोरांनी नाक मुरडलं की त्यांना एक धपाटा घालायचा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. मग गणपती गेले आणि पाठोपाठ कामही गेलं. आमची कोळंबी ज्या देशात जायची त्यांनी म्हणे तिच्यावर मोठा कर बसवला, आणि घेणारे मागे सरले. कारखान्याला कुलूप लागलं. टीव्हीवर मंदी आकड्यांत दिसते, आमच्याकडे ती एसटी स्टँडवर दिसते. मुंबईहून बाप्ये बॅगा घेऊन उतरले आणि दिवाळी झाली तरी परत गेले नाहीत.

"सोमवारपासून निम्मी टेबलं सुरू करतोय," साहेब म्हणाले. "वीस बाया लागतील. तुम्हीच निवडा, सत्यवतीताई. चलाख हाताच्या घ्या."

"आणि बाकीच्या?"

"पुढं बघू."

पुढं बघू म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. मुलगी नाकारतानाही लोक हेच म्हणतात.

ते गेले आणि मी पायरीवर बसून राहिले. चाळीसातून वीस निवडायच्या म्हणजे वीस घरांशी जन्माचं वैर घ्यायचं. चलाख हाताच्या म्हटलं तर पहिली भाविका. तिशीची पोरगी, पण तिचा हात मशिनीसारखा चालतो, आणि तोंड हाताहून जोरात. मग शेवटी कोण राहणार? गंगा. वरच्या वाडीची, टेबलावर नेहमी माझ्या उजव्या हाताला उभी राहणारी. तिचा हात सावकाश. तिचा नवरा मुंबईला असतो असं म्हणायचं, एवढंच. पत्ता नाही, पैसा नाही. घरात ती आणि बारावीतली राही. गंगाचं नाव मी कुठल्या तोंडानं गाळणार होते?

म्हणून मी डोकं लढवलं. आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे, तिला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. रापणीची रीत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या सगळी वाडी मिळून ओढते. मासळी वाळूवर आली की तिचे वाटे पाडतात. एकजण वाट्यांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. त्याला वाटा दिसत नाही, त्यामुळे सुरमई कुणाला आणि मांदेली कुणाला यावर भांडण होत नाही. आमच्या वाडीत हे पाठमोरं उभं राहणं माझे सासरे करतात. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पा तेव्हा वेळणेश्वरला लेकीकडे गेले होते, नाहीतर पुढचं रामायण घडलंच नसतं.

मी सगळ्या बायांना किनाऱ्यावर बोलावलं. कालवणातून उरलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या घेतल्या, बाईगणिक एक. निम्म्यांना आतून हळद लावली, निम्म्या तशाच पांढऱ्या. भाविकानं त्या वाळूवर उपड्या मांडल्या, मी समुद्राकडे तोंड केलं.

"ही कुणाची?"

"दर्शनाची."

उलटली, पिवळी. दर्शनाचा नवरा एसटीत ड्रायव्हर, मंदीतही त्याची गाडी सुटतेच. भाविकाची पिवळी. पुढं कधी पिवळी, कधी पांढरी.

"ही कुणाची?"

"गंगाची."

ह्या वेळी मला राहवलं नाही, मी मान वळवली. गंगानं पांढरी शिंपली उचलली, पदरानं वाळू पुसली आणि पिशवीत टाकली. "बरा," ती म्हणाली. "नशिबाचा काय करायचा?"

कुणी भांडलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. मला वाटलं, काय शहाणी मी!

दुसऱ्या दिवशी गंगा घरी आली. तिच्या भावानं ठाण्याला एका घरी स्वैपाकाचं काम बघून ठेवलं होतं, राहण्याजेवणासकट. सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं ती निघणार होती.

"आणि राही?"

"तिला पण नेतंय. हितं एकटी कुणाकडं ठेवू? तिकडं पण काय ना काय काम गावंल तिला."

"अगो, बारावीचा वर्ष तिचा!"

"ता मला ठाऊक नाय होय?" गंगा पहिल्यांदाच माझ्यावर डाफरली. मग चहा न घेता गेली.

आप्पा परत आले ते शुक्रवारी. हातपाय धुऊन ओटीवर बसले आणि मी त्यांना सगळं सांगितलं, थोडं कौतुकाच्या अपेक्षेनंच. शिंपल्यांचं ऐकून ते खूश झाल्यासारखे दिसले. मग विचारते झाले, "पांढऱ्या कशाला ठेवल्यास?"

"काम निम्म्यांनाच हाय ना, आप्पा. ज्यांना नाय त्यांच्या पांढऱ्या."

"म्हणजे रिकामा वाटा?"

"होय."

"रापणीवर रिकामा वाटा कधी बघितलास?"

मी आठवू लागले. लग्न होऊन आल्यापासून मी रापण बघत आले आहे.

"मासळी कमी आली तर वाटे बारीक होतात, सूनबाय," आप्पा म्हणाले. "वाटेकरी कमी होत नायत. पाठमोरा उभा ऱ्हायचा ता कशासाठी? कुणाला बरा मासा आणि कुणाला बारका, एवढ्यासाठी. कुणाला जेवण आणि कुणाला उपास, ह्यासाठी नाय. रीत घेतलीस ती पण अर्धीच." तंबाखूची डबी उघडत त्यांनी विचारलं, "आणि तुजी शिंपली कुठली आली?"

मुकादम लागणारच, म्हणून मी स्वतःची शिंपली ठेवलीच नव्हती. एकोणीस पिवळ्या बाकीच्यांच्या, विसावी जागा आपोआप माझी. सगळ्या जणी समोर असताना एकीलाही ते खटकलं नव्हतं, आणि मलाही नाही.

"हाक मारणाऱ्याचा वाटा शेवटचा," आप्पा म्हणाले. "सगळ्यांचे झाले की जो उरंल तो. म्हणून तर लोक त्याच्या तोंडावर विश्वास ठेवतात."

बरं, ओरडले असते तर मीही ओरडले असते. पण ते शांतपणे तंबाखू चोळत बसले. माझं तोंड मात्र मिरची लागल्यासारखं झालं.

शनिवारी मी बायांना पुन्हा जमवलं. म्हटलं, माझं चुकलं. काम निम्मं आहे ना, मग प्रत्येकीनं निम्मं करावं. एक आठवडा वीस जणी, दुसऱ्या आठवड्याला दुसऱ्या वीस. पांढऱ्या शिंपलीवाल्यांनी माना वर केल्या, पिवळ्यांनी खाली घातल्या. भाविकानं मात्र मान सरळ ठेवली.

"मी नाय देणार," ती म्हणाली. "एक तर मी दोघींएवढी सोलतंय. माजा बाप्या मुंबईस्नं येऊन खाटेवर पडलाय, सासूचा औषध हाय. माजी पिवळी आली, सगळ्यांसमोर आली. आता कशाला बदलायचा?"

"रापणीवर असाच असता गो."

"म्हणून तर रापण बुडाली! ओढणारा आणि नुसता दोरीला हात लावणारा, दोघांना सारखाच वाटा. कोण ओढंल मग?"

दोन-तीन जणी हसल्या. खरं सांगायचं तर मुलगी चुकीचंही बोलत नव्हती. तिच्या घरची चूल मी काही पेटवायला जाणार नव्हते. गंगा तर आलीच नव्हती, ती घरी बांधाबांध करत होती.

रविवारी सकाळी रापण पडली. मुंबईहून आलेले सगळे बाप्ये रिकामेच होते, त्यामुळे पूर्वी दोरीला माणसं मिळायची नाहीत तिथं आता रेटारेटी होती. माणसं फार आणि मासळी थोडी, हे जाळं अर्ध्यावर आलं तेव्हाच कळलं. तरी ओढणाऱ्यांचा "होऽ होऽ" असा सूर लागला होता. खूप दिवसांनी ऐकला, बरं वाटलं.

भाविका बाजाराची पिशवी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं घरी चालली होती. ओढायला ती आलीच नव्हती, आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. पण दोरी तिच्या वाटेत आडवी. मागून वळसा घालायचा तर कोरड्या वाळूतून जावं लागलं असतं. तिनं एका हातानं दोरी उचलली, वाकली, खालून गेली आणि चालू लागली. बास, एवढंच.

जाळं आलं. मांदेली, थोडे बांगडे, चार खेकडे. वाटे पाडले ते ओंजळी-ओंजळीएवढे. आप्पांनी समुद्राकडे तोंड केलं. माझ्या दिरानं एकेका वाट्यावर हात ठेवायला सुरुवात केली. नावं होत गेली. मग आप्पांनी खणखणीत आवाजात हाक दिली, "भाविका!"

ती पुढं निघून गेली होती, तिला बोलावून आणावं लागलं. "मी नाय ओढली," ती म्हणाली.

"दोरीला हात लागला," आप्पा म्हणाले, पाठ न वळवता.

"बाजूला सारायला लावला!"

"दोरीला ता ठाऊक नाय."

सगळा किनारा हसला. भाविकाचा नवराही दोरीवर होता, तोही हसला, आणि त्या माणसाला हसताना मी दिवाळीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. ती लाल झाली. वाट्याकडे बघत राहिली. तिचा ढीग पहाटेपासून ओढणाऱ्यांच्या ढिगाएवढाच होता, एका मांदेलीनंही कमी नाही. आणि कुणी कुरकुरत नव्हतं, हे तिला जास्त लागलं असावं. भाजीच्या पिशवीत मासळी टाकून ती तरातरा निघून गेली.

दुपारी ती माझ्या दारात उभी. "माजा कुठला आठवडा?"

"बस. चहा टाकतंय."

"बसायला नाय आले. कुठला आठवडा ता सांग." मग उंबऱ्यावरच बसली. "आप्पांनी मुद्दाम केल्यानी."

"आप्पांची पाठ होती गो तुझ्याकडं."

"होय तर! पाठ होती म्हणे," ती म्हणाली, आणि तिनं चहा घेतला.

दोघी मिळून वरच्या वाडीत गंगाकडे गेलो. ती ऐकायला तयार नव्हती. साहेब नाही म्हणाले तर? भावाकडचं कामही जायचं. शेवटी भाविकानं तिची बांधलेली बॅग उचलून डोक्यावर घेतली. "उद्या ही बॅग घेऊनच मिरजोळ्याला चल. साहेब नाय म्हणालं तर तिथनंच स्टँड जवळ."

सोमवारी कारखान्याच्या फाटकाशी चाळीस बाया उभ्या राहिल्या. गुरुप्रसाद साहेब आले आणि जागीच थबकले. "मी वीस सांगितल्या होत्या, ताई."

मी आठवड्याआड वीस-वीस जणींचं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. प्रत्येक बाईची आरोग्य तपासणी असते, वरून माल घेणाऱ्यांची माणसं पाहणीला येतात, वीस जागांना चाळीस बाया म्हणजे दुप्पट कटकट, वरच्या साहेबांना काय सांगू? माणूस वाईट नव्हता, पण दोन्हीकडून दाबला गेलेला माणूस चांगुलपणा करायचं पुढंच ढकलतो.

"साहेब," भाविका पुढं झाली. "तुमी म्हणालात ना, पुढं बघू?"

"हो, म्हणालो."

"मग पुढं बघताना आमी हितं असायला नको? ह्या वीस जणी आज मुंबई-ठाण्याला गेल्या की परत येत नायत. उद्या मोठा माल आला तर सोलायचा कुणी? तुमी?"

साहेबांनी एकदा हौसेनं कोळंबी सोलली होती आणि काटा घुसून बोट सुजवून घेतलं होतं. सगळ्यांना ते आठवलं. त्यांनाही आठवलं असणार. ते गंगाच्या बॅगेकडे बघत राहिले.

"ही कुठं निघालीय?"

"ता तुमच्यावर हाय," भाविका म्हणाली.

"शिमग्यापर्यंत," साहेब म्हणाले. "शिमग्यापर्यंत बघतो. एकीनंही दांडी मारायची नाही."

पहिल्या आठवड्याला कोण, हे शिंपल्यांवर सोडलं नाही. आप्पांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं. ज्या घरात दोरी ओढायला माणूसच नाही, त्याचा वाटा हाक सुरू व्हायच्या आधी बाजूला काढतात. ज्यांच्या घरात दुसरी मिळकत नव्हती, त्या पहिल्या आठवड्यात. दर्शना आपणहून दुसऱ्यात गेली. गंगानं बॅग चौकीदाराकडे ठेवली आणि टोपी घालून आत गेली. मी दुसऱ्या आठवड्यात, सगळ्यांच्या मागं.

ते महिने सोपे गेले असं मी सांगणार नाही. अर्ध्या कामात पोटही अर्धंच भरतं. मोकळ्या आठवड्यात बाया जमेल ते करत होत्या. वरच्या वाडीचे कुळीथ खाली आले, आमचा सुका जवळा वर गेला. भाविका जेवणाच्या सुट्टीत शेतकरणींचा अंगठा धरून हात कसा चालवायचा ते शिकवी, आणि शिकवताना अशा शिव्या घाली की त्या भीतीनंच चलाख झाल्या. कधीकधी आमची कडाक्याची भांडणं झाली, एकीच्या आजारपणात तिच्या दिवसांवरून तर फारच. पण गाव सोडून एकही गेली नाही.

माघात काम आलं. दुसऱ्या कुठल्यातरी देशानं माल मागितला, आणि तोही लगोलग. शेजारच्या कारखान्याची जीप बाया शोधत गावोगाव फिरत होती, कारण त्यांनी निम्म्या काढल्या होत्या आणि त्या पांगल्या होत्या. आमच्या चाळीसही जणी फाटकाशी हजर. गुरुप्रसाद साहेबांनी त्या दिवशी स्वतःहून विचारलं, "आता पूर्ण वेळ आधी कुणाला द्यायचा? तुमची काय रीत असेल ती सांगा." मी त्यांना चहा पाजला. त्यांनी दोन कप घेतले.

टेबलं एकेक करत उघडली. पहिली पूर्ण हजेरी गंगाची. राहीच्या परीक्षा सुरू होत्या, आणि पेपराला जाताना ती रोज आमच्या कारखान्याच्या बसमधूनच यायची, मांडीवर पुस्तक उघडं टाकून. मग बाकीच्या जणी पूर्ण वेळावर गेल्या. मी मागं राहिले. कुणी म्हणालं, मुकादम आधी. मी म्हटलं, गप बसा गो.

शेवटचं टेबल शिमग्याच्या आदल्या आठवड्यात सुरू झालं. मी टोपी-हातमोजे चढवून आत गेले तर सगळ्या जणी काम थांबवून उभ्या. गंगानं टेबलाकडे पाठ केली. भाविकानं गंगाच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला आणि ओरडली, "ही कुणाची?"

"सत्यवतीची," गंगा म्हणाली.

मग वळून तिनं माझ्या हातात काहीतरी ठेवलं. तीच शिंपली, त्या दिवशीची, पांढरी. आतून तिनं हळद लावली होती, ताजी, ओली. साहेबांनी पाहिलं असतं तर स्वच्छतेवर भाषण ठोकलं असतं. मला रडू आलं, आणि मोजे घातलेल्या हातांनी डोळेही पुसता येईनात.

"रडायचा तर भायर जाऊन रड," भाविका म्हणाली. "कोळंबी खारट होईल."

मी शिंपली एप्रनच्या खिशात टाकली, मोजे बदलले आणि गंगाच्या शेजारी जाऊन उभी राहिले.